नव्या संगणकावर काय टाकावं? मोफत सॉफ्टवेअरबद्दल वाचकांचे प्रश्न

नवा संगणक सुरू केल्यावर किंवा जुन्यावर विंडोज नव्यानं टाकल्यावर कोणती मोफत सॉफ्टवेअर घ्यावीत, यावर बरेच प्रश्न आले आहेत. त्यातले निवडक इथे घेतले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे उत्तर विंडोज ११ धरून दिलं आहे.

प्रश्न : नवा लॅपटॉप कालच सुरू केला. मित्रानं वीस-बावीस मोफत सॉफ्टवेअरची यादी पाठवली आहे. सगळी टाकू का? सुरुवात कुठून करू?

उत्तर : यादी जपून ठेवा, पण पहिला तासभर काहीच टाकू नका. आधी जमीन सारवून घ्यायची.

सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, 'चेक फॉर अपडेट्स' दाबा, येतील ते अपडेट घ्या, संगणक रीस्टार्ट करा आणि पुन्हा तपासा. नवं काही सापडत नाही तोपर्यंत हे करत राहा. दोन-तीन फेऱ्या सहज होतात, कारण काही अपडेट आधीचं बसल्याशिवाय दिसतच नाहीत. ड्रायव्हर, म्हणजे संगणकाच्या भागांची विंडोजशी गाठ घालून देणारी सॉफ्टवेअर, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधल्या 'ऑप्शनल अपडेट्स'खाली सापडतात. हे चालू असताना मध्येच एखादं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं, तर सेटअप १६१८ क्रमांकाची एरर देऊन थांबू शकतो. त्यात बिघाड काही नसतो. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच काम हाती घेतो, एवढंच त्याचं कारण.

दुसरं काम रिकव्हरी कीचं. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉग-इन केलेल्या नव्या संगणकांवर डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करणं, बहुतेक वेळा आपोआप चालू होतं. बायोस अपडेट झाल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर संगणक ४८ अंकी की मागू शकतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आत्ताच शोधा, कागदावर उतरवा आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

मग 'ॲप्स', 'इन्स्टॉल्ड ॲप्स' इथे जाऊन कंपनीनं आधीच भरून दिलेली ट्रायल सॉफ्टवेअर काढा. शेवटी शोधपट्टीत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' लिहा. येणाऱ्या खिडकीत सी ड्राइव्ह निवडून 'कॉन्फिगर' दाबा, प्रोटेक्शन चालू करा, त्याला ५ टक्के जागा द्या आणि 'क्रिएट' दाबून पहिला बिंदू तयार करा. हे प्रोटेक्शन पुष्कळ संगणकांवर मुळात बंदच असतं, आणि गरज पडते त्या दिवशी ते कळतं. रिस्टोअर पॉइंटमुळे विंडोजची आधीची घडी परत मिळते. तुमच्या फोटोंचा किंवा कागदपत्रांचा तो बॅकअप नव्हे.

आता यादीकडे वळा. बहुतेकांना सुरुवातीला एक ब्राउझर, लिबरऑफिससारखा एक ऑफिस संच, व्हिडिओसाठी व्हीएलसी, दाबलेल्या फाइलींसाठी सेव्हन-झिप आणि एक पासवर्ड मॅनेजर एवढं पुरतं. बाकीची गरज पडेल त्या दिवशी टाका. टाकायला दोन मिनिटं लागतात, पण टाकलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर पुढे वर्षानुवर्षं अपडेट करत राहावं लागतं. वापरात नसलेलं, म्हणून अपडेटही न झालेलं सॉफ्टवेअर म्हणजे उघडी राहिलेली मागची खिडकी.

प्रश्न : 'फ्री', 'फ्रीवेअर', 'ओपन सोर्स' यांत नेमका फरक काय? कार्यालयातल्या संगणकावर मोफत सॉफ्टवेअर चालतं का?

उत्तर : इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात दोन अर्थ गुंतले आहेत. मराठीत ते आपसूक वेगळे होतात : फुकट आणि मुक्त. पैसे पडत नाहीत ते फुकट. ज्याचा मूळ कोड खुला आहे आणि जे कुणालाही कुठल्याही कामासाठी वापरायची, तपासायची, बदलायची आणि पुढे वाटायची मुभा आहे, ते मुक्त. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून ही चळवळ चालू आहे.

घरी बसून वापरणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. कार्यालयात मात्र तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. लिबरऑफिस, व्हीएलसी, सेव्हन-झिप, फोटो सुधारणारं गिम्प, रेखाचित्रांसाठीचं इंकस्केप ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. धंद्यासाठी वापरा किंवा शंभर संगणकांवर टाका, परवानगी लागत नाही. इरफानव्ह्यू हा चित्रं पाहण्याचा सुरेख प्रोग्राम आहे, पण तो मोफत आहे फक्त अव्यावसायिक वापरासाठी. दूरचा संगणक चालवायचा टीमव्ह्यूअर मोफत आहे तो वैयक्तिक वापरापुरता, आणि व्यावसायिक वापराचा संशय आला की जोडणी मध्येच तुटते. संगणकातच दुसरा संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये तर एकाच घरात दोन परवाने नांदतात. मूळ प्रोग्राम मुक्त आहे, पण त्यावर चढवायच्या 'एक्स्टेन्शन पॅक'चा मोफत परवाना वैयक्तिक वापर, शिक्षण आणि चाचणीपुरताच. दोन्ही एकाच पानावरून उतरवता येत असल्यानं गल्लत होते.

कार्यालयासाठी निवडताना डाउनलोडच्या पानावर 'फॉर पर्सनल यूज' किंवा 'नॉन-कमर्शियल' हे शब्द आहेत का, ते आधी शोधा. असतील तर पर्याय बघा किंवा रीतसर परवाना विकत घ्या.

प्रश्न : मुक्त सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना दिसतो. मग ते सुरक्षितच असणार ना?

उत्तर : तपासता येतं, एवढंच खात्रीनं म्हणता येईल. कुणी तपासलं का, हा वेगळा प्रश्न. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या मुक्त साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर लॉग-इन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्यानं ते खणून काढलं. कोड खुला नसता तर त्याला मुळापर्यंत पोचता आलं नसतं. पण तोच खुला कोड असूनही पेरणी झाली होती, हेही खरं.

म्हणून निवडताना फक्त परवाना पाहू नका. शेवटची आवृत्ती कधी आली, ते बघा. चालत्या प्रकल्पात काही महिन्यांत काहीतरी हललेलं असतं. मागे संस्था किंवा ठरलेला गट आहे का, ते बघा. आणि त्यात केलेलं काम दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल का, हे तर नक्कीच बघा. आज आवडलेलं सॉफ्टवेअर पाच वर्षांनी बंद पडलं तर तुमच्या फाइली सोबत नेता आल्या पाहिजेत.

प्रश्न : लिबरऑफिस टाकलं, पण वर्डमध्ये केलेला अर्ज त्यात उघडला की ओळी सरकतात आणि एका पानाची दोन पानं होतात. लिबरऑफिस कच्चं आहे का? ओपनऑफिस घेऊ का?

उत्तर : दहातल्या सात-आठ वेळा दोष फॉन्टचा असतो. सरकलेल्या मजकुरावर कर्सर ठेवा आणि वरच्या पट्टीतल्या फॉन्टच्या चौकटीकडे पाहा. नाव तिरप्या अक्षरात दिसत असेल तर तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नाही आणि लिबरऑफिसनं त्याच्या जागी दुसरा लावला आहे. दोन फॉन्टांतल्या अक्षरांची रुंदी केसाएवढी वेगळी असली, तरी ओळीअखेर एखादा शब्द खाली उतरतो. अशा चाळीस ओळी झाल्या की पान उलटतं.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा ठरलेला फॉन्ट २०२३मध्ये बदलला. कॅलिब्रीच्या जागी ॲप्टॉस आला. तो विंडोजसोबत येत नाही, त्यामुळे नव्या वर्डमध्ये केलेल्या फाइली हमखास सरकतात. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ॲप्टॉस मोफत उतरवता येतो. तो टाका, लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडा, ओळी जागेवर येतात. ज्या संगणकावर कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया नाहीत, तिथे लिबरऑफिससोबत येणारे कार्लिटो आणि कॅलाडिया कामी येतात. त्यांच्या अक्षरांच्या रुंद्या मूळ फॉन्टांशी मुद्दाम जुळवलेल्या आहेत.

दुसरं कारण फाइलीच्या प्रकाराचं. एकच दस्तऐवज कधी ओडीटी (लिबरऑफिसचा स्वतःचा प्रकार), कधी डॉक्सएक्स (वर्डचा) म्हणून सेव्ह केला की प्रत्येक रूपांतरात थोडं काहीतरी गळतं. तक्त्यांच्या कडा, क्रमांकित याद्या, चित्रांच्या जागा या आधी बिघडतात. ज्याची देवाणघेवाण वर्डवाल्यांशी होणार आहे तो दस्तऐवज पहिल्यापासून डॉक्सएक्समध्येच ठेवा. नेहमीच तसं करायचं असेल तर 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लोड/सेव्ह', 'जनरल' इथे 'ऑल्वेज सेव्ह ॲज'मध्ये वर्डचा प्रकार निवडा. समोरच्यानं फक्त वाचायचं असेल तर पीडीएफ पाठवा, वाद मिटतो.

एक्सेलच्या बाबतीत मर्यादा खऱ्या आहेत. एक्सलुकअप हे सूत्र लिबरऑफिसमध्ये २४.८ या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२४पासून चालतं. त्याआधीची आवृत्ती असेल तर त्या रकान्यात एरर दिसेल. एक्सेलमधली माहिती आणून साफ करणारी पॉवर क्वेरी चालत नाही. एक्सेलमधले मॅक्रो काही चालतात, काही नाही. तुमचं रोजचं काम अशा शीटवर असेल तर लिबरऑफिसवर सगळं हलवू नका. पंधरा दिवस दोन्ही शेजारी ठेवून बघा.

ओपनऑफिस घेऊ नका. लिबरऑफिस त्याच्यातूनच २०१०मध्ये वेगळं झालं आणि बहुतेक विकासक इकडे आले. ओपनऑफिसची नव्या सुविधा असलेली शेवटची मोठी आवृत्ती २०१४ची आहे, आणि त्यात डॉक्सएक्स फाइल उघडते पण त्या प्रकारात सेव्ह होत नाही. तुम्हाला वर्डसारखीच पट्टी हवी असेल आणि सगळं काम डॉक्सएक्समध्येच होत असेल, तर ओन्लीऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती आजमावा. तीही मुक्त आहे.

प्रश्न : वेगळा अँटिव्हायरस हवाच का?

उत्तर : घरगुती वापराला नको. विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे. फक्त 'विंडोज सिक्युरिटी', 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' इथे जाऊन नको असलेली ॲप अडवण्याचे दोन्ही खटके, ॲपचा आणि डाउनलोडचा, चालू आहेत ना ते पाहा. लॅपटॉपसोबत आलेला ट्रायल अँटिव्हायरस असेपर्यंत डिफेंडर मागे सरकलेला असतो. ट्रायल संपल्यावर ना हा धड काम करतो ना तो, अशी अवस्था टाळायची तर तो पहिल्याच दिवशी काढा आणि रीस्टार्ट केल्यावर डिफेंडर चालू झाल्याची खात्री करा.

प्रश्न : व्हीएलसी शोधून उतरवलं, तर सोबत दुसराच ब्राउझर आणि कसला तरी 'ऑप्टिमायझर' येऊन बसला. असं का झालं? खरी फाइल ओळखायची कशी?

उत्तर : तुम्ही व्हीएलसीच्या नव्हे, मधल्याच कुणाच्या तरी पानावरून फाइल घेतली. शोधाच्या निकालात सगळ्यात वरच्या एक-दोन ओळी बहुधा जाहिरातीच्या असतात. त्यांवर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. पैसे मोजून तिथे कुणीही बसू शकतं. त्या ओळी सोडूनच द्या, मग त्यांत कुठलंही नाव असो.

पत्ता वाचायची सवय लावा. व्हीएलसीचं घर व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. लिबरऑफिस, गिम्प आणि कीपासएक्ससी हा पासवर्ड मॅनेजर यांची आपापल्या नावापुढे डॉट ऑर्ग. सेव्हन-झिपचा पत्ता सात हा इंग्रजी अंक, आडवी रेघ, झिप आणि डॉट ऑर्ग असा आहे. रेघ नसलेला किंवा डॉट कॉम असलेला पत्ता त्याचा नव्हे. पत्ता आठवत नसेल तर विकिपीडियावर त्या सॉफ्टवेअरच्या पानात उजवीकडच्या चौकटीत अधिकृत संकेतस्थळाचा दुवा असतो, तिथून जा.

फाइल उतरली की आकार बघा. सेव्हन-झिपचा सेटअप दीड एमबीच्या आसपास, व्हीएलसीचा चाळीस एमबीच्या पुढे, लिबरऑफिसचा साडेतीनशेच्या घरात. व्हीएलसीच्या नावाखाली दोन एमबीची फाइल आली तर तो दुसऱ्याच कुणाचा 'डाउनलोडर' आहे. फायरफॉक्सचा छोटा सेटअप मात्र खरा असतो. तो उरलेला भाग चालू झाल्यावर स्वतः उतरवून घेतो.

डबल क्लिक केल्यावर पडदा अंधारतो आणि विंडोज परवानगी मागतं. इथे बहुतेक लोक न वाचता 'येस' दाबतात. नेमकं इथेच थांबा. वरची पट्टी निळी असेल आणि 'व्हेरिफाइड पब्लिशर'पुढे व्हिडिओलॅन किंवा द डॉक्युमेंट फाउंडेशन असं अपेक्षित नाव असेल तर पुढे जा. पट्टी पिवळी आणि पब्लिशर 'अननोन' असेल तर 'नो' दाबा. याला ठळक अपवाद सेव्हन-झिपचा. त्याच्या सेटअपवर डिजिटल सही नसते, त्यामुळे पिवळी पट्टी येणारच. म्हणून त्याच्या बाबतीत पत्ता दोनदा वाचा.

आणखी खात्री हवी तर एसएचए-२५६, म्हणजे फाइलीचा जणू बोटाचा ठसा, जुळवा. लिबरऑफिस आणि व्हीएलसी आपल्या पानावर ही ६४ अक्षरांची ओळ देतात. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर उतरवलेल्या फाइलीवर राइट क्लिक, 'शो मोअर ऑप्शन्स', त्यात 'सीआरसी एसएचए' आणि 'एसएचए-२५६' निवडलं की तुमच्या फाइलीची ओळ समोर येते. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी ही सगळी ओळ बदलते. मात्र तुलनेची ओळ खऱ्या पानावरची हवी. बनावट पानवाला बनावट फाइलीची अचूक ओळ छापू शकतो, आणि ती बिनचूक जुळेल.

सेटअपमध्ये 'एक्स्प्रेस' आणि 'कस्टम' असे पर्याय आले तर नेहमी 'कस्टम' घ्या. जोडीला चिकटवलेल्या गोष्टींच्या खुणा तिथेच लपलेल्या असतात. एखाद्या पडद्यावर 'ॲक्सेप्ट'च्या शेजारी फिकट रंगातलं 'डिक्लाइन' दिसलं तर ते दाबा, मूळ सॉफ्टवेअर तरीही बसतं.

प्रश्न : सेटअप चालूच होत नाही. 'फक्त स्टोअरमधलं ॲप चालेल' असा संदेश येतो.

उत्तर : याची दोन कारणं असतात. 'ॲप्स', 'ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज' इथे 'चूज व्हेअर टु गेट ॲप्स'मध्ये फक्त स्टोअर निवडलेलं असेल तर ते 'एनीव्हेअर' करा. तिथे बदल करता येत नसेल तर संगणक एस मोडमध्ये, म्हणजे फक्त स्टोअरमधली ॲप चालवणाऱ्या विंडोजवर, आहे. 'सिस्टिम', 'ॲक्टिव्हेशन' इथून स्टोअरमध्ये जाऊन बाहेर पडता येतं. पैसे पडत नाहीत, पण परतीचा रस्ता नाही.

अनोळखी ॲप अडवणाऱ्या विंडोजमधल्या 'स्मार्ट ॲप कंट्रोल'नं अडवलं असेल तर तिथे 'रन एनीवे' हे बटण नसतं. ते कायमचं बंद करण्याआधी त्याच सॉफ्टवेअरची सही असलेली किंवा स्टोअरमधली आवृत्ती शोधा. एकदा बंद केलं की पुष्कळ संगणकांवर ते परत चालू करायला विंडोज नव्यानं टाकावं लागतं. स्टोअरमध्ये एक गोष्ट ध्यानात ठेवा : चित्रं काढायचं क्रिता आणि लिबरऑफिस तिथे पैसे देऊन मिळतात. तो देणगीसारखा मार्ग आहे. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर ती मोफतच आहेत.

प्रश्न : लिबरऑफिसमध्ये मराठी टाइप केलं की फॉन्ट भलताच लागतो. इंग्रजीचा बदलला तरी मराठीचा बदलत नाही.

उत्तर : लिबरऑफिस रोमन आणि देवनागरी मजकुराचे फॉन्ट वेगवेगळे सांभाळतं. 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लँग्वेजेस अँड लोकेल्स', 'जनरल' इथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर खूण करा आणि भाषा मराठी निवडा. मग 'लिबरऑफिस रायटर'खाली 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)' हे पान दिसू लागतं. तिथे ठरवलेला फॉन्ट आणि आकार देवनागरीला लागतो. शैली बदलतानाही फॉन्टच्या पानावर सीटीएलचा वेगळा भाग असतो, तो विसरू नका.

टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजच्या भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट येत नसेल तर 'ॲड अ कीबोर्ड'मधून फोनेटिक घ्या. विंडोज की आणि स्पेसबार दाबून भाषा पालटते. 'नोटो सान्स देवनागरी' आणि 'मुक्त' या नावांचे दोन फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, छपाईलाही चालतात. टाकताना राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा, नाहीतर काही सॉफ्टवेअरना तो फॉन्ट दिसत नाही.

प्रश्न : मोबाइलवर काढलेला व्हिडिओ संगणकावर चालत नाही, विंडोज पैसे भरून कोडेक घ्यायला सांगतं. कोडेक पॅक टाकू का?

उत्तर : नको. तो व्हिडिओ एचईव्हीसी प्रकारात आहे. व्हीएलसीमध्ये कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारे भाग, आतच असतात, त्यानं उघडा. फाइलीवर राइट क्लिक, 'ओपन विथ', 'चूज अनदर ॲप', व्हीएलसी, 'ऑल्वेज'. कोडेक पॅक संपूर्ण विंडोजच्या व्हिडिओव्यवस्थेत हात घालतो. पुढे एडिटिंगचं सॉफ्टवेअर अडखळलं तर कारण सापडता सापडत नाही.

प्रश्न : संगणक वेगवान राहावा म्हणून क्लीनर आणि ड्रायव्हर अपडेट करणारं सॉफ्टवेअर सुरुवातीलाच टाकलेलं बरं ना?

उत्तर : दोन्ही टाकू नका. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, काही शे जुन्या नोंदी काढल्यानं वेग वाढत नाही. चुकीची नोंद निघाली तर मात्र सॉफ्टवेअर उघडेनासं होतं. २०१७मध्ये सीक्लीनर या क्लीनरची ५.३३ ही आवृत्ती खुद्द अधिकृत ठिकाणावरून, वैध सहीसकट, हेरगिरीचा कोड घेऊन वाटली गेली. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पत्ता, सही, सगळं तपासूनही तिथे उपयोग झाला नसता. मग ज्याची गरजच नाही ते संगणकावर ठेवून धोका का घ्यायचा?

जागा मोकळी करायला विंडोजमधलं 'स्टोरेज सेन्स' आहे. जागा कुणी खाल्ली हे बघायला विनडरस्टॅट हे मुक्त साधन आहे. ड्रायव्हर विंडोज अपडेटकडून घ्या, नाहीतर संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून.

प्रश्न : टाकलेली सॉफ्टवेअर अपडेट कशी ठेवायची? एकेक उघडून बघायला वेळ नसतो.

उत्तर : फायरफॉक्स आणि थंडरबर्ड स्वतःच अपडेट होतात. व्हीएलसी विचारतं. सेव्हन-झिप काहीच करत नाही, आणि तेच विसरलं जातं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं, जेणेकरून ती उघडताना सावध करता यावं. २४.०९च्या आधीच्या सेव्हन-झिपमध्ये एका दाबलेल्या फाइलीत दुसरी ठेवली की ती खूण आतल्या फाइलीपर्यंत पोचत नव्हती, आणि हल्लेखोरांनी त्याचा फायदा घेतला. त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर आजच बदला. नवी आवृत्ती जुनीवरच टाकली तरी चालते.

एकाच वेळी सगळं बघायला विंडोजमध्येच विनगेट हे साधन आहे. स्टार्टवर राइट क्लिक करून 'टर्मिनल' उघडा आणि इंग्रजीत 'विनगेट अपग्रेड' लिहून एंटर दाबा. कुठल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आहे, त्याची यादी येते. त्याच ओळीपुढे एक जागा सोडून, दोन आडव्या रेघांना चिकटून 'ऑल' लिहिलं की सगळी एकामागून एक अपडेट होतात. त्याआधी उघडी सॉफ्टवेअर बंद करा. चालू असलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइली बदलता येत नाहीत आणि अपडेट अर्धवट राहतं. महिन्यातून एकदा केलं तरी पुरे.

प्रश्न : पासवर्डसाठी बिटवॉर्डन घेऊ की कीपासएक्ससी?

उत्तर : मोबाइल आणि संगणक दोन्हीवर तेच पासवर्ड लागत असतील तर बिटवॉर्डन. मोफत खात्यात पासवर्डच्या संख्येवर किंवा उपकरणांवर मर्यादा नाही, आणि जुळणी आपोआप होते. पासवर्ड कुठल्याही सर्व्हरवर जायला नको असतील तर कीपासएक्ससी. त्यात सगळं एका केडीबीएक्स फाइलीत राहतं. ती फाइल हरवली की सगळे पासवर्ड गेले, म्हणून तिची प्रत पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवा, आणि नवे पासवर्ड भरल्यावर प्रतही बदला. दोन्हींत मुख्य पासवर्ड विसरलात तर परत मिळवून देणारं सहसा कुणी नसतं. तो चार-पाच असंबद्ध शब्दांचा ठेवा आणि पहिले काही दिवस रोज हातानं टाइप करा, म्हणजे पाठ होतो.

प्रश्न : सगळं मनासारखं बसलं की त्या अवस्थेची प्रत काढून ठेवता येते का? पूर्वी त्यासाठी मॅक्रियमची मोफत आवृत्ती होती.

उत्तर : ती मोफत आवृत्ती बंद झाली. तिच्याऐवजी रेस्क्यूझिला वापरा. ते पेनड्राइव्हवरून सुरू होतं आणि माउसनं चालवता येतं. बाहेरची डिस्क जोडा, पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा, 'बॅकअप' निवडा, आधी आतली डिस्क मग बाहेरची निवडा. नावं सारखी दिसतात म्हणून आकार पाहून ओळखा. इथे उलटं निवडलं तर गोंधळ होतो.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रेस्क्यूझिलाला आतलं काही वाचता येत नाही. मग ते रिकाम्या जागेसकट अख्ख्या विभागाची प्रत काढतं : ५१२ जीबीच्या डिस्कवर साठच जीबी भरलेले असले तरी प्रत प्रचंड मोठी होते आणि कित्येक तास लागतात. त्यामुळे प्रत काढण्यापूर्वी एन्क्रिप्शन तात्पुरतं बंद करा, सेटिंग्जमध्ये डिक्रिप्शन पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत थांबा, प्रत काढा आणि मग ते पुन्हा चालू करा. चालू केल्यावर रिकव्हरी की नवी तयार होते, जुना कागद फाडून ती नवी लिहून ठेवा.